फायबर होडीचे उन्हापासून संरक्षण

काचतंतूंच्या कापडावर रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारे चिकट द्रव्य, चढवून घडवलेल्या फायबर होडीला गंज किंवा वाळवी लागत नाही, पण ऊन बाधते. मराठवाड्यात हे नुकसान पाण्यापेक्षा काठावर जास्त होते. जायकवाडी, माजलगाव, येलदरी, मांजरा या धरणांचे पाणी मागे सरते आणि काठावर ओढलेल्या होड्या ऐन उन्हाळ्यात उघड्या पडून राहतात. २०१६ साली मांजरा आटून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी होडीला पाऊस पडेपर्यंत ऊनच सोसावे लागते.

अतिनील किरण रेझिनच्या रेणूसाखळ्या तोडतात. आधी चकाकी जाते, मग बोट फिरवले की खडूसारखी पूड हाताला लागते. जेलकोट, म्हणजे बाहेरचा रंगीत थर, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. तो झिजला की काचतंतू उघडे पडून हाताला टोचतात आणि त्यांच्या कडेने पाणी आत मुरते.

रेझिनच्या प्रकारांपैकी इपॉक्सी हे पॉलिएस्टर रेझिनपेक्षा घट्ट चिकटते, पण उन्हात लवकर पिवळे पडते. म्हणून इपॉक्सीची होडी बिनरंगाची ठेवूच नये. रेझिन सुकल्यावर वर बऱ्याचदा मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने घासून धुवावा आणि मगच पॉलिश पेपर मारावा. हा क्रम चुकला तर महागड्या रंगाचेही पोपडे निघतात. त्यावर हार्डनर (कडक करणारे द्रव्य) मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग उत्तम. पांढऱ्या रंगातील टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरण अडवतो आणि होडी कमी तापते. हे महत्त्वाचे आहे, कारण घरगुती तापमानाला सुकवलेली अनेक इपॉक्सी रेझिने ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात आणि मे महिन्यात गडद रंगाचा पृष्ठभाग तेवढा सहज तापतो. पारदर्शक वार्निश लावायचेच असेल तर अतिनील किरण शोषणारे घ्यावे. त्यातील शोषक द्रव्य हळूहळू संपते, म्हणून नवे हात देत राहावे लागतात.

रंगाइतकीच सावलीही गरजेची. प्लास्टिकची ताडपत्री होडीला चिकटून बसू देऊ नये, खालून वारा खेळता ठेवावा. तीही त्याच किरणांनी चिरफाळते. तुराट्यांचा मांडव स्वस्त पडतो आणि हवाही अडवत नाही. होडी ओंडक्यांवर उलटी ठेवली की आतल्या फळ्या वाचतात, मात्र एरवी पाण्याखाली असणारा तळ थेट उन्हात येतो. त्यामुळे वरच्या बाजूचा रंग तळालाही द्यावा.