आवाज गेला कुठे?

डेस्कटॉपवर लिनक्स नव्याने टाकलं की पहिल्याच दिवशी घडणारा एक प्रकार अनेकांनी पाहिलेला असतो. स्क्रीन व्यवस्थित दिसते, इंटरनेट चालतं, व्हिडिओ लावला की बोलणाऱ्याचे ओठ हलतात, पण आवाज मात्र नाही. व्हॉल्यूम शंभरावर असतो. सगळ्यात चिडवणारी गोष्ट म्हणजे साउंड सेटिंगमध्ये एक छोटी पट्टी गाण्याच्या ठेक्यावर नाचत असते. संगणकाला विचाराल तर तो म्हणेल, मी वाजवतोय की!

मग आपण 'ड्रायव्हर नसेल' असं ठरवून ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम, शोधायला निघतो. हे बहुतेक वेळा काखेत कळसा आणि गावाला वळसा ठरतं. मदरबोर्डवरच्या साउंड चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलसोबतच, म्हणजे त्याच्या गाभ्यासोबतच, येतो आणि सहसा तो आपोआप लागलेलाही असतो. पाणी मुरत असतं ते दुसरीकडे. ते कुठे मुरतं हे कळायचं तर गाण्यातला एक सूर फाइलमधून कानापर्यंत कसा पोहोचतो ते पाहावं लागेल.

फाइलमध्ये असतात आकडे. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे प्रत्येक चॅनलला सेकंदाला 44,100 आकडे. संगणकावर आणि व्हिडिओत बहुधा 48,000. या आकड्यांचं चढउतार होणाऱ्या विद्युतदाबात रूपांतर करायचं काम 'कोडेक' नावाची चिप करते. मदरबोर्डवर मागच्या रंगीत जॅकजवळ ती एक काळी चौकोनी वडी दिसते. रिअलटेक कंपनीची असेल तर तिच्यावर खेकड्याचं चिन्हही सापडेल. पूर्वी या कामासाठी वेगळं साउंड कार्ड घ्यावं लागे. 1997 मध्ये इंटेलने 'एसी सत्त्याण्णव' हे मानक आणलं आणि काम दोन भागांत वाटून टाकलं: आकड्यांची ने-आण मदरबोर्डच्या मुख्य चिपसेटने करायची आणि विद्युतदाबाचं नाजूक काम बाजूला बसवलेल्या स्वस्त कोडेकने. त्यामुळे चिपसेटमधल्या विजेच्या गोंगाटापासून आवाज थोडा दूर राहिला. 2004 मध्ये त्याची जागा 'हाय डेफिनिशन ऑडिओ', म्हणजेच एचडीए या मानकाने घेतली. डेस्कटॉपवर आजही बहुतेक ठिकाणी तेच आहे. लिनक्समध्ये त्याच्या ड्रायव्हरच्या नावात 'इंटेल' असलं तरी एएमडीच्या बोर्डांवरही तोच ड्रायव्हर चालतो.

एचडीएतली खरी गंमत अशी की कोडेक स्वतःची ओळख स्वतः करून देतो. ड्रायव्हर त्याला विचारतो, तुझ्या पोटात काय काय आहे? कोडेक यादी देतो: इतके रूपांतरक, इतके मिक्सर, इतक्या पिना आणि कोणतं टोक कोणाला जोडता येतं. या यादीतून ड्रायव्हर एक नकाशा तयार करतो. म्हणूनच शेकडो वेगवेगळ्या चिपांना मुळात एकच ड्रायव्हर पुरतो.

एक प्रश्न मात्र कोडेकला विचारून उपयोग नसतो. त्याची अमुक पिन बाहेर कशाला जोडली आहे, हे त्याला माहीत नसतं. एकच चिप अनेक कंपन्या विकत घेतात. कोणी ती पिन मागच्या हिरव्या जॅकला जोडतं, कोणी समोरच्या हेडफोनला, तर कोणी ती मोकळीच सोडतं. म्हणून प्रत्येक पिनेसोबत 32 बिटांची एक चिठ्ठी ठेवलेली असते. जॅक मागे आहे की पुढे, तो स्पीकरसाठी आहे की माइकसाठी, आणि हो, त्याचा रंग कोणता, हे सगळं त्या चिठ्ठीत असतं. ही चिठ्ठी लिहितो मदरबोर्ड बनवणारा. संगणक सुरू होताना बायोस (मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्राम) ती कोडेकमध्ये भरतं आणि कर्नल ती वाचून त्यावर विश्वास ठेवतो.

चिठ्ठी चुकीची असेल तर? कर्नलला वाटतं या पिनेला काहीच जोडलेलं नाही आणि तो तिकडे आवाजच पाठवत नाही. विंडोजवर ही चूक बहुतेकदा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण बोर्ड बनवणाऱ्याने दिलेला ड्रायव्हर ती गुपचूप दुरुस्त करून घेतो. लिनक्सकडे तशी खासगी सोय नाही. त्यामुळे कर्नलमध्येच अपवादांची एक लांबलचक यादी ठेवावी लागते: अमुक बोर्ड दिसला की अमुक पिनेची चिठ्ठी फाडायची आणि ही नवी वाचायची. अशा शेकडो नोंदी तिथे आहेत आणि त्यातल्या अनेकींमागे असाच मुका संगणक घेऊन बसलेला एखादा वापरकर्ता आहे. नवा बोर्ड घेतल्यावर नवा कर्नल टाकून पाहा असं सांगतात, त्याचं हे एक कारण. तेवढी वाट पाहायची नसेल तर 'एचडीए जॅक रीटास्क' नावाचा छोटा प्रोग्राम आहे. त्यात प्रत्येक पिनेसमोर आपणच लिहायचं, हा हेडफोन, हा माइक, आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. मला विचाराल तर लिनक्सवरच्या सगळ्यात दुर्लक्षित साधनांपैकी हे एक आहे.

माझ्या डेस्कटॉपवर एकदा मागचा हिरवा जॅक ठणठणीत वाजत होता आणि समोरचा हेडफोनचा जॅक मात्र गप्प होता. दोन संध्याकाळी टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, गेल्या. शेवटी कॅबिनेटची बाजू उघडली तेव्हा दिसलं की समोरच्या जॅकपासून येणाऱ्या केबलला दोन प्लग आहेत, एकावर एचडी ऑडिओ आणि दुसऱ्यावर एसी सत्त्याण्णव असं लिहिलेलं. मदरबोर्डवर बसवला होता तो दुसरा. आकार तोच, त्यामुळे बसतो छान. पण जॅकमध्ये काही खुपसलंय हे कोडेकला कळवणारी तार त्यात नसते. मग हेडफोन लावलेलाच नाही असं समजून ड्रायव्हर तिकडे फिरकतच नाही.

ही ओळखायची युक्ती मोठी सुंदर आहे. चार जॅकांवर नजर ठेवायला चार तारा लागाव्यात, पण एचडीए एका तारेत भागवतं. प्रत्येक जॅकच्या आत एक यांत्रिक खटका असतो. प्लग आत गेला की तो खटका एक रोधक त्या सामायिक तारेला जोडतो. चार रोधक साधारण 39, 20, 10 आणि 5 किलोओहमचे, म्हणजे प्रत्येक पुढचा मागच्याच्या निम्मा. समांतर जोडणीत वहनक्षमतेची, म्हणजे वीज वाहू देण्याच्या क्षमतेची, बेरीज होते. ती इथे एक, दोन, चार, आठ या पटीत वाढते. एक, दोन, चार, आठची वजनं कशीही निवडली तरी प्रत्येक निवडीची बेरीज वेगळीच येते. म्हणून फक्त एकूण रोध मोजून कोडेकला कळतं की चारपैकी नेमके कोणते जॅक भरलेले आहेत.

आता वरच्या मजल्यावर जाऊ. ड्रायव्हर ज्या व्यवस्थेत राहतो तिचं नाव अल्सा. 1998 मध्ये यारोस्लाव किसेला यांनी ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डासाठी सुरू केलेल्या कामातून ती वाढली आणि 2003 च्या डिसेंबरमध्ये आलेल्या 2.6 कर्नलमध्ये ओएसएस या जुन्या आवाजव्यवस्थेच्या जागी रुजू झाली. अल्साची एक सवय लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती मुळात सगळे चॅनल बंद ठेवून जागी होते. हा खोडसाळपणा नाही, पहिल्याच क्षणी स्पीकर कानठळ्या बसवू नयेत म्हणून घेतलेली काळजी आहे. नंतर डिस्ट्रो, म्हणजे तुम्ही टाकलेला लिनक्सचा प्रकार, ते चॅनल उघडून देतो, पण कधीकधी एखादा राहून जातो. टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' चालवलं की उभ्या पट्ट्या दिसतात (ही नावं टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत). पट्टीखाली दोन एम दिसले तर तो चॅनल म्यूट आहे, एमचंच बटण दाबलं की उघडतो. तिथेच 'ऑटो म्यूट' नावाची एक कळ सापडेल. समोर हेडफोन लावले की मागचे स्पीकर बंद करायचे, एवढंच तिचं काम. जॅक ओळखणारा खटका अडकून बसला असेल तर ती स्पीकरना कायमचं गप्प करते.

अल्साच्या वर आणखी एक थर लागतो, कारण मदरबोर्डवरच्या साध्या कोडेकला एका वेळी एकाच प्रोग्रामचा आवाज घेता येतो. ब्राउझरमध्ये गाणं चालू असताना मेसेजची घंटाही ऐकू यायची तर कोणीतरी दोन्हींच्या आकड्यांची बेरीज करायला हवी. हे काम बरीच वर्षं पल्सऑडिओने केलं. लेनार्ट पोटरिंग यांनी 2004 मध्ये ते सुरू केलं होतं. सुरुवातीच्या काळात त्याने इतक्या जणांना छळलं की 'पल्सऑडिओ काढून टाका' हा सल्ला वर्षानुवर्षं टिकून राहिला. आज त्याची जागा विम टायमन्स यांच्या पाइपवायरने घेतली आहे. 2021 मधल्या फेडोरा 34 या डिस्ट्रोपासून ते तिथे आवाजासाठी आपोआप येतं आणि इतर मोठे डिस्ट्रोही त्याच वाटेने गेले. जुना सल्ला वाचून आज काही काढून टाकायला जाऊ नका.

सुरुवातीची ती नाचणारी पट्टी याच थरातली. तुमच्या ग्राफिक्स कार्डाला एचडीएमआय असेल तर त्याच्याकडे स्वतःचं साउंड हार्डवेअरही असतं, कारण त्या केबलमधून चित्रासोबत आवाजही जातो. म्हणजे लिनक्सच्या दृष्टीने संगणकात दोन साउंड कार्डं आहेत. पाइपवायरने त्यातलं एचडीएमआयवालं निवडलं की सगळा आवाज इमानेइतबारे मॉनिटरकडे जातो, मग त्या मॉनिटरला स्पीकर असोत वा नसोत. पट्टी नाचते ती खरीच, आकडे खरोखर वाहत असतात. 'पॅवूकंट्रोल' या प्रोग्रामच्या कॉन्फिगरेशन भागात जाऊन एचडीएमआय बंद करायचं आणि 'अॅनालॉग स्टिरिओ' हे प्रोफाइल निवडायचं. माझ्या पाहण्यातल्या निम्म्याहून जास्त मुक्या डेस्कटॉपांना इथेच वाचा फुटली आहे.

इथेही आवाज आला नाही तर खालून वर यायचं. जोडलेलं हार्डवेअर दाखवणाऱ्या 'एलएसपीसीआय' या कमांडच्या यादीत ऑडिओ कंट्रोलर दिसतो का? ग्राफिक्स कार्डाचा सोडून दुसरा दिसत नसेल तर बायोसमध्ये ऑनबोर्ड ऑडिओ बंद असण्याची शक्यता मोठी. दिसत असेल तर 'स्पीकर टेस्ट' ही कमांड थेट हार्डवेअरचं नाव देऊन चालवायची, म्हणजे पाइपवायरचा थर वगळला जातो. खरखर ऐकू आली तर तारा, चिप, ड्रायव्हर सगळं निर्दोष आणि गोंधळ वरच्या मजल्यावर. काही नव्या बोर्डांवरचे रिअलटेकचे एएलसी 4080 सारखे कोडेक आतून यूएसबीने जोडलेले असतात. त्यांना एचडीएचा ड्रायव्हर लागतच नाही, म्हणून ते दुसऱ्याच नावाने दिसतात. हे माहीत नसेल तर शोध चुकीच्या दिशेला जातो. आणि विंडोजमधून थेट रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आल्यावरच आवाज जात असेल तर कोडेक विंडोजने सोडलेल्या अवस्थेत अडकलेला असू शकतो. संगणक पूर्ण बंद करून वीजपुरवठाही मिनिटभर काढला की तो भानावर येतो.

आवाज आल्यानंतर एक तक्रार उरते. थोडी शांतता गेली आणि पुन्हा काही वाजलं की स्पीकरमधून 'टक्' असा आवाज येतो. वीज वाचवायला कोडेक झोपतो आणि उठताना त्याच्या बाहेर जाणाऱ्या तारेवरचा दाब एकदम बदलतो, त्याचा तो झटका. किती सेकंदांच्या शांततेनंतर झोपायचं हे ड्रायव्हरच्या 'पॉवर सेव्ह' या पर्यायात लिहिलेलं असतं. तिथे 0 घातलं की कोडेक झोपत नाही आणि टक्ही होत नाही.