भुयारातला स्वयंपाक : कोण शिजतं, कोण नाही

लाल ड्रॅगनने चमूच्या म्होरक्याच्या बहिणीला गिळलं, हातातले पैसे संपले, शिधाही उरला नाही. मग वाटेत जे मारू तेच शिजवून खात खाली उतरायचं. ‘डंजन मेशी’ या जपानी मांगाची, म्हणजे चित्रकथेची, ही सुरुवात आता नव्याने सांगायला नको. २०१४ मध्ये सुरू झालेली ही कथा सप्टेंबर २०२३ मध्ये संपली, १४ खंडांत पुस्तकरूपाने आली आणि २०२४ च्या पहिल्या सहामाहीत तिची २४ भागांची ॲनिमे मालिका झाली. बोलणं होतं ते बहुतेक पदार्थांबद्दलच: चालत्या अळंबीचा आणि विंचवाचा रस्सा, भाजलेलं बॅसिलिस्क, मँड्रेक घातलेलं ऑम्लेट. पदार्थ मजेदार आहेतच. पण ही कल्पना आली कुठून हे पाहायला गेलं, तर स्वयंपाकाच्याही आधी भुकेच्या हिशेबाकडे जावं लागतं. आणि त्या हिशेबात एक जुना, अजूनही न मिटलेला वाद आहे.

राक्षसी प्राणी खाण्याच्या गोष्टी जुन्याच. नॉर्स आख्यानातला सिगुर्ड फाफ्निर या ड्रॅगनचं काळीज विस्तवावर भाजतो, शिजलं का बघताना त्याचं बोट पोळतं, ते तो तोंडात घालतो आणि त्याला पक्ष्यांची भाषा कळू लागते. ज्यू परंपरेत जगाच्या अंती सज्जनांच्या पंगतीत लेव्हायथन या महाकाय समुद्री प्राण्याचं मांस वाढलं जाणार आहे. मात्र दोन्हीकडे हे खाणं एकदाच घडतं आणि भूक भागवायला कोणी जेवत नाही. रोज उठून ‘आज काय खायचं’ असा प्रश्न पडायला आधी कोणीतरी शिधा मोजायला हवा होता.

तो मोजला गेला १९७४ साली. त्या वर्षी अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून भूमिका घेत खेळायच्या खेळाच्या पहिल्या तीन छोट्या पुस्तिका निघाल्या. त्यातल्या सामानाच्या यादीत एका माणसाचा आठवड्याचा साधा शिधा ५ सोन्याच्या नाण्यांना मिळतो आणि भुयारात नेण्याजोगा टिकाऊ शिधा १५ नाण्यांना. जमिनीखाली उतरलं की जेवण तिप्पट महाग! खेळ चालवणारे कितीतरी जण हा हिशेब तेव्हाही ठेवत नसत, आजही ठेवत नाहीत. पण जिथे तो काटेकोर ठेवला गेला तिथे परतीची वाट कधी धरायची हे तलवारीपेक्षा पोटाने ठरवलं.

१९७७ मध्ये प्राण्यांची जाडजूड सूची आली आणि भुयारातल्या जनावरांना स्वभाव, संख्या, राहण्याची जागा मिळाली. (तिच्यातला लोखंड गंजवून खाणारा प्राणी हाँगकाँगच्या एका स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यावरून बेतलेला आहे. ते खेळणं पाहिल्यावर त्या चित्राकडे पूर्वीच्या नजरेने पाहताच येत नाही.) १९८३ पासून या खेळाच्या मासिकात एकेका प्राण्याच्या जीवनक्रमावर लेख येऊ लागले. पहिला होता छताला लोंबणाऱ्या खडकाच्या सुळक्यासारखं रूप घेऊन सावजाच्या डोक्यावर पडणाऱ्या प्राण्याबद्दल. हा कसा जगतो, काय खातो, असं एकदा गंभीरपणे विचारलं की ‘याला कोण खातं’ हा प्रश्न फार लांब राहत नाही.

त्याचं उत्तर मात्र संगणकावर लिहिलं गेलं. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांनी केलेल्या ‘रोग’ (Rogue) या खेळात भूक होती, पण खायला मिळायचा तो जमिनीवर पडलेला शिधा नाहीतर फळ. एकाच जागी रेंगाळणाऱ्या खेळाडूला खाली ढकलणं एवढंच भुकेचं काम. त्याच वळणाच्या ‘हॅक’ने आणि १९८७ पासून ‘नेटहॅक’ने पुढची पायरी चढली: मारलेल्या प्राण्याचं शव तिथेच पडतं आणि ते खाता येतं. आजच्या सगळ्या भुयारी स्वयंपाकाची खरी पाळंमुळं इथे आहेत असं मला वाटतं, आणि या खेळाला त्याचं श्रेय फारच कमी मिळतं.

कारण इथे खाणं म्हणजे ज्ञान झालं. हवेत तरंगणारा एकुलता एक डोळा खाल्ला की दूरची मनं जाणवू लागतात, पण आंधळं असतानाच जास्त उपयोग. कॉकाट्रिस हा कोंबड्यासारखा प्राणी खाल्ला की खेळाडूचा तत्क्षणी दगड होतो; इतर कारणाने हळूहळू दगड होत असेल, तर मात्र सरड्याचं शव खाऊन ते थांबवता येतं. लायकेनचं (दगडफुलासारख्या प्राण्याचं) शव कधी सडत नाही, म्हणून जाणते खेळाडू ते जपून ठेवतात. रेथ नावाचं भूत खाल्लं की खेळाडूची एक पातळी वाढते. शव बराच वेळ पडून राहिलं असेल तर विषबाधा होऊन जीव जातो. शव डबाबंद करायचं साहित्यसुद्धा खेळात आहे. कोणता प्राणी, किती ताजा, कोणी खाल्ला, कोणत्या अवस्थेत खाल्ला, हे सगळं लक्षात ठेवावं लागतं. पाककृती एकही नाही, पण चांगल्या स्वयंपाक्याला लागणारी चौकस नजर पुरेपूर आहे.

आणि इथेच तो वाद सुरू होतो. आपल्याच जातीचं शव खाल्लं तर ‘नेटहॅक’ खेळाडूला थेट नरभक्षक म्हणतो, त्याचं नशीब घटवतो आणि सगळे शत्रू त्याच्यावर चवताळून येतील अशी कायमची शिक्षा देतो. कुत्रा किंवा मांजर खाल्लं तरी शत्रू असेच चवताळतात. गुहामानव आणि ऑर्क (एक राक्षसी वंश) म्हणून खेळणाऱ्यांना दोन्हींतून सूट आहे. पण ‘आपली जात’ म्हणजे नेमकी कोणती? १९९९ च्या आवृत्तीत खेळाडूचा वंश त्याच्या पेशापासून वेगळा झाला आणि नियमाचा अर्थ अगदी उघडा पडला. माणसाने माणूस खाल्ला तर गुन्हा. माणसाने एल्फ (टोकदार कानांचा, माणसासारखा काल्पनिक वंश) खाल्ला तर काही नाही. उलट एल्फ खाल्ल्याने झोपेच्या जादूपासून संरक्षण मिळतं, म्हणून खेळाच्या मार्गदर्शिका तो मिळेल तेव्हा खायला सांगतात. ड्वार्फने, म्हणजे बुटक्या वंशातल्याने, माणूस खाल्ला तरी चालतं. बोलणारा, शस्त्र चालवणारा, विचार करणारा प्राणी ताटात येतो आणि नियम गप्प राहतो.

या निर्णयाची बाजू घेणारे म्हणतात की हा खेळाच्या तोलाचा प्रश्न आहे. एल्फच्या शवातून मिळणारी ताकद काढून घेतली तर सुरुवातीचे टप्पे फार कठीण होतील, आणि संगणकाला वंश कळतो, मन कळत नाही. पहिला मुद्दा खरा आहे. दुसरा मला पटत नाही. कुत्र्यामांजरासाठी वेगळा नियम लिहिता आला, त्यात जातीचा संबंध नव्हता, जिव्हाळ्याचा होता. म्हणजे जातीपलीकडची रेघ ओढता येत होती. पाळीव प्राण्यासाठी ती ओढली, एल्फसाठी ओढली नाही. ही निवड होती, आणि दशकानुदशकं ती तशीच चालत आली.

१९८७ मध्येच आलेल्या ‘डंजन मास्टर’ने हा प्रश्न टाळला. २४ वीरांमधून चार निवडायचे, त्यांची भूक आणि तहान सांभाळायची आणि खाली जायचं. किंचाळणाऱ्या अळंबीचे काप, अळीचे गोल तुकडे, सर्वांत शेवटी ड्रॅगनचं मांस: जे पडेल ते खायचं. ज्या खोल्यांत किंचाळणाऱ्या अळंब्या पुन्हा पुन्हा उगवतात, तिथे खेळाडू ठरवून परतायचे आणि पोटापुरती कापणी करून जायचे. भुयाराकडे शेत म्हणून पाहणारी नजर तिथे तयार झाली. ‘डंजन मेशी’तला स्वयंपाकी गोलेमच्या (मातीच्या जादुई पुतळ्याच्या) पाठीवरच्या मातीत भाज्या लावतो, तेव्हा तीच नजर परत भेटते.

जपानमध्ये हे धागे आले ते मुख्यतः ‘विझर्ड्री’च्या १९८५ नंतरच्या जपानी आवृत्त्यांतून आणि पुढच्या वर्षीच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मधून. १९८९ च्या एका गेम बॉय खेळात चमूतले राक्षस हरलेल्या शत्रूंचं मांस खाऊन रूप बदलतात. १९९५ च्या एका भुयारी खेळात जादूची काठी शत्रूचंच मांस करते आणि ते खाणारा तोच शत्रू बनतो. २००४ पासून शिकारीच्या एका मालिकेत मांस शेगडीवर फिरवून योग्य क्षणी उतरवणं हा खेळाचाच भाग झाला. खाद्यविषयक मांगांची परंपरा तर तिथे आधीपासूनच भक्कम होती. २०१४ पर्यंत सगळं साहित्य ओट्यावर मांडून ठेवलेलं होतं.

‘डंजन मेशी’ने नवं काय केलं, तर ज्याला ‘नेटहॅक’ने ताटात ठेवलं त्यालाच पंगतीत बसवलं. चमूत एल्फ आहे, आणि राक्षसी प्राणी खाण्याला पहिल्यापासून सर्वांत मोठा विरोध तिचाच. स्वयंपाक करणारा ड्वार्फ आहे. माणसासारखे प्राणी खायचे नाहीत, यावर ती आणि कुलपं उघडणारा सोबती दोघेही अडून बसतात. राक्षसांच्या प्रेमात पडलेल्या म्होरक्याला त्यांच्यापुढे माघार घ्यावी लागते. रेघ कुठे ओढायची हे इथे नियमपुस्तक ठरवत नाही. एकाच भांड्यातून जेवणारे भांडून ठरवतात.

या भांडणाचा सर्वांत हळवा भाग ग्रिफिनच्या (पुढून गरुड, मागून सिंह) रश्शात आहे. ड्वार्फ स्वयंपाकी तरुणपणी खाणकाम करणाऱ्या टोळीसोबत भुयारात अडकला होता. अन्न संपलं, एकेक सोबती गेला आणि शेवटी त्याला ग्रिफिनचं म्हणून मांसाचा रस्सा देण्यात आला. तो रस्सा नेमका कोणाचा होता, ही भीती त्याने कितीतरी वर्षं कोणाला सांगितली नाही. चमू ग्रिफिन मारतो, शिजवतो, तो चाखतो, आणि चव वेगळी लागते. मग म्होरक्याच्या लक्षात येतं की तेव्हाचा प्राणी ग्रिफिन नसून हिप्पोग्रिफ (पुढून गरुड, मागून घोडा) असणार. रूप पालटणाऱ्या अळंबीने मांस बदलून पुन्हा रस्सा केला जातो, आणि या वेळी चव जुळते. पन्नास वर्षांच्या सगळ्या खेळांत शव खाल्ल्याचा परिणाम आकड्यांत दिसत आला. इथे तो एका म्हाताऱ्या ड्वार्फच्या रडण्यात दिसतो.

ॲनिमेचे २४ भाग याच्या जवळपासच थांबतात. तोवर बहीण ड्रॅगनच्या मांसाच्या आधारे परत जिवंत झालेली आहे, पण अर्धं शरीर ड्रॅगनचं घेऊन, आणि तिला सोडवायचा म्होरक्याचा बेत ठरतो: तिचा ड्रॅगनचा भाग शिजवून खाऊन संपवायचा. दुसऱ्या हंगामाची घोषणा झालेली आहे, आणि मांगाचं राहिलेलं कथानक याच बेतावर उभं आहे.