गळकी फ्लँज आणि गोल भोक

सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचं गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं. त्याची तयारी मात्र पावसाळ्यातच चाललेली असते. पंप, व्हॉल्व्ह, रस तापवणारे हीटर खोलले जातात आणि परत जोडताना जवळजवळ प्रत्येक फ्लँजमध्ये, म्हणजे पाइपांच्या टोकांच्या बोल्टने जोडलेल्या रुंद कड्यांमध्ये, नवं पॅकिंग (गॅस्केट) बसतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरींचं सूत रंगवणाऱ्या डाय हाउसमध्ये हे काम बारा महिने असतं. तिथल्या लाइनमध्ये ७ बार दाबाची वाफ असेल, तर तिचं तापमान १७० अंश सेल्सिअसच्या घरात जातं. तिला अडवून धरतो तो दोन-तीन मिलिमीटर जाडीचा, हाताने कापलेला एक तुकडा. तो कसा कापला यावर फार काही अवलंबून असतं. कापणाऱ्याला ते शास्त्र कुणी समजावून सांगत नाही, म्हणून हा लेख.

फ्लँजचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसले, तरी त्यांवर बारीक चढउतार असतात. बोल्ट आवळले की गॅस्केट दाबलं जाऊन त्या खाचांत शिरतं आणि द्रवाची वाट बंद होते. वाट बंद ठेवणारा खरा पट्टा असतो पाइपच्या भोकापासून बोल्टच्या भोकापर्यंत. बोल्टचं भोक फाटकं निघालं, तर तेवढा पट्टा अरुंद होतो. भोकाच्या कडेला चीर पडली आणि ती आतपर्यंत पोहोचली, की वाफेला सरळ रस्ता मिळतो. आणि वाफ नुसती गळत नाही. तिची बारीक धार फ्लँजच्या लोखंडावर चर पाडते, मग नवं पॅकिंग टाकूनही गळती थांबत नाही.

चीर का वाढते, याचं गणित सव्वाशे वर्षं जुनं आहे. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असेल, तर त्याच्या कडेवर ताण तिप्पट होतो, हे अर्न्स्ट किर्श या जर्मन अभियंत्याने १८९८ मध्ये दाखवलं. १९१३ मध्ये चार्ल्स इंग्लिस यांनी लंबगोल भोकांचा हिशेब मांडला: भोकाचं टोक जितकं अणकुचीदार, तितका तिथला ताण जास्त. ब्लेडने किंवा कात्रीने कोरलेल्या भोकाला असे कोपरे हमखास राहतात. म्हणून भोक पंचानेच, म्हणजे हातोडीने ठोकायच्या धारदार पोकळ नळीनेच, पाडावं. चौकोनी खिडकी कापायची असेल, तर चारही कोपऱ्यांवर आधी पंचाने लहान गोल भोकं पाडावीत आणि मगच ती सरळ रेषेने जोडावीत. माझ्या मते गॅस्केटच्या कामातली ही सर्वांत मोलाची सवय.

आता पंच निवडायचा कसा? बोल्ट मोजू नका, फ्लँजचं भोक मोजा. एम १२ (१२ मिमी व्यासाच्या) बोल्टला फ्लँजमध्ये साधारण १४ मिमीचं भोक असतं, एम १६ ला १८ आणि एम २० ला २२ मिमीचं. पॅकिंगचं भोकही त्याच मापाचं हवं. पंचावर कोरलेल्या आकड्यावर विसंबू नये; धार पुन्हा पुन्हा घासली गेली असेल तर माप बदललेलं असतं, म्हणून धारेपाशी व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावून पाहावं.

पंचाच्या धारेचा उतार आतून आहे की बाहेरून, हे दुकानात उभं राहूनच बघावं. उतार बाहेरून असेल, तर धार पॅकिंगच्या शीटमध्ये शिरताना बाहेरचा माल ढकलत जाते. आत अडकलेली चकती सरळ कडेची निघते, भोकाची कड मात्र दबते. उतार आतून असेल तर याच्या उलट घडतं. बाजारात बहुतेक पंच बाहेरून उतार दिलेलेच मिळतात. वायसर कापायला ते उत्तमच. भोकासाठीही चालतात, पण त्यांची धार पातळ आणि तीक्ष्ण हवी. पोकळी वरच्या बाजूला किंचित रुंद होत गेलेली असावी, नाहीतर चकत्या आतच अडकून बसतात.

घाव किती जोरात घालायचा, हे धारेच्या लांबीवरून कळतं. १२ मिमी पंचाची धार परिघाएवढी, म्हणजे सुमारे ३८ मिमी लांब. २४ मिमीच्या पंचाची ७५ मिमी. शीट तेच असेल तर जोरही जवळपास दुप्पट लागतो. म्हणून मोठ्या पंचाला जड हातोडी घ्यावी आणि एकच पक्का घाव घालावा. चार हलक्या ठोक्यांत पंच सरकतो आणि कडेला दुहेरी रेघ उमटते.

सगळ्यात जास्त त्रास देतं ते रबर. रबर दाबलं तरी त्याचं घनफळ जवळपास कमी होत नाही. वरून दाबलं की ते बाजूला फुगतं. हे फुगणं दबण्याच्या किती पट, याला शास्त्रात पॉयसन गुणोत्तर म्हणतात. रबरासाठी ते ०.५ च्या अगदी जवळ असतं, तर कॉर्कसाठी जवळजवळ शून्य. त्यामुळे कॉर्क निमूटपणे जागच्या जागी दबतं आणि स्वच्छ कापलं जातं. रबर मात्र धार शिरण्याआधी ताणलं जातं आणि कापून झाल्यावर परत आकसतं. भोक पंचापेक्षा लहान पडतं, त्याची आतली भिंतही वाकडी निघते. जाड रबराला धार साबणाच्या पाण्यात बुडवून घ्यावी, हातप्रेसखाली धरून गोल फिरवत दाबावी आणि पंच किंचित मोठा निवडावा. आधी टाकाऊ तुकड्यावर एक भोक पाडून मोजलं, की किती मोठा ते कळतं.

खाली काय ठेवायचं, याकडे फार दुर्लक्ष होतं. लोखंडी ऐरणीवर पंच मारला तर धार पहिल्याच घावात वळते. फारच मऊ आधार असेल, तर फायबर शीटचे खालचे थर कापले जाण्याआधी ताणले जातात आणि सुटे होतात. आडवा कापलेला चिंचेचा किंवा बाभळीचा ठोकळा चांगला. त्यात लाकडाचे तंतू उभे असतात, धार त्यांच्यामधून शिरते आणि बाहेर काढली की ते पुन्हा जवळ येतात. जाड नायलॉनचा तुकडाही चालतो.

कापण्याचा क्रमही ठरलेला हवा: आधी बोल्टची भोकं, मग मधलं भोक, शेवटी बाहेरची कड. भोवती भरपूर शीट असताना भोक पाडलं, तर कड फुटून बाहेर येत नाही. शीट फ्लँजवर ठेवून हातोडीने कडेकडेने ठोकत कापायची पद्धत सर्रास दिसते. ती सोडाच. त्यात फ्लँजच्या कडेला टवके पडतात आणि पॅकिंगही चुरगळतं.

पंचाला धार लावताना ग्राइंडरवर निळा रंग येऊ देऊ नये. पोलादावर निळी झाक सुमारे ३०० अंशांना चढते आणि तोवर धारेचा कडकपणा उतरलेला असतो. थोडं घासावं, पाण्यात बुडवावं, पुन्हा घासावं. पंचाचं डोकं हातोडीने फुलून पसरलं असेल, तर तेही घासून काढावं, कारण त्याच्या चिपा उडून डोळ्यात जातात.

आणि जुनं करडं शीट हाती आलं, तर ते अ‍ॅस्बेस्टॉसचं असू शकतं. त्याचे तंतू श्वासातून फुफ्फुसात जातात आणि आजार वीस ते चाळीस वर्षांनी उघडा पडतो. असं शीट कापू नये. फ्लँजला चिकटलेलं जुनं पॅकिंगही कोरडं खरवडू नये, त्यावर वायर ब्रश फिरवू नये. नवं घेताना अ‍ॅस्बेस्टॉसविरहित शीटच मागावं. ते महाग पडतं, तरीही.