बालवाडीच्या तक्त्यावरचा ‘ल’ कुठून आला?

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर मी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून मुळाक्षरांचे तीन तक्ते आणले. तिन्ही मराठी. गणपतीचा ग आणि बदकाचा ब तिन्हींवर सारखेच, ल मात्र दोन तऱ्हांचा. एका तक्त्यावर पाकळ्यांचा: मधे आखूड देठ आणि त्याच्या दोन बाजूंना दोन गोल पाकळ्या. उरलेल्या दोन तक्त्यांवर दंडाचा: उजवीकडे सरळ उभी रेघ आणि तिला डावीकडून येऊन मिळणारं वळण. घरी आजी पाटीवर पहिला काढून देते, बालवाडीतली ताई संगणकावरून छापलेल्या कागदावर दुसरा गिरवायला देते, आणि मधल्या मधे पोर विचारतं, यातला खरा कुठला?

आत्ता हे वाचताना तुमच्या पडद्यावर जो ल दिसतोय, तो मी निवडलेला नाही. तो तुमच्या फोनने निवडलाय. म्हणूनच मला दोन्ही ल शब्दांत सांगावे लागतायत. बालवाडीसाठी चांगला फाँट शोधताना जी अडचण येते तिचं मूळ इथेच आहे, आणि ते बरंच जुनं आहे.

गंमत अशी की आपल्याकडे देवनागरीचं घरगुती नावच ‘बाळबोध’. मुलांना कळेल ती लिपी. दफ्तरात आणि पत्रांत मोडी चालायची; हात न उचलता भराभर लिहायची ती लिपी. पोथ्या बाळबोधीत असत: प्रत्येक अक्षर सुटं, शिरोरेषेखाली नीट उभं केलेलं. ही अक्षरं लिहायचा बोरू तिरपा तासलेला असे. त्यामुळे रेघ एका दिशेला जाड आणि दुसऱ्या दिशेला बारीक उमटे. छापील देवनागरीत आजही जी जाडी-बारीकी दिसते ती त्या बोरूच्या टोकाची.

मूल मात्र बोरूने शिकत नसे. धूळपाटीवर बारीक माती पसरायची आणि बोटाने गिरवायचं. बोटाची रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची. पुढे दगडी पाटी आणि पेन्सिल आली तरी ते बदललं नाही. म्हणजे शिकणाऱ्याचं अक्षर एका जाडीचं आणि वाचायचं अक्षर जाड-बारीक, ही फारकत छापखान्याच्या आधीपासूनची आहे. बालवाडीसाठी फाँट निवडताना मी पहिल्यांदा हेच पाहते: रेघेची जाडी सगळीकडे सारखी आहे का? कारण मूल खडूने किंवा तेलखडूने ते अक्षर काढणार आहे, बोरूने नाही.

छपाईच्या इतिहासात पुण्याचं नाव फार लवकर येतं, पण ते एका अपुऱ्या राहिलेल्या कामासाठी. तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून भगवद्गीता छापवायचा घाट नाना फडणवीसांनी इथे घातला होता. १८०० मध्ये नाना गेले आणि काम थांबलं. ते शिकलेला तांबट मिरजेला गेला आणि पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये गीता छापून झाली. त्याच वर्षी तिकडे बंगालात श्रीरामपूरला विल्यम केरीचं मराठी व्याकरण निघालं, तेही देवनागरी खिळ्यांत, म्हणजे धातूच्या सुट्या ओतीव अक्षरांत. दोन्ही कामं एकाच वर्षाची, पण तऱ्हा अगदी वेगळ्या. तांब्यावर कोरणारा अख्खं पान कोरतो, त्यामुळे हाताचं वळण जसंच्या तसं उतरतं. खिळ्यांचं तसं नाही. तिथे एकदा ओतलेला ल हजार पानांवर तोच.

शाळेच्या पुस्तकांनी सुरुवातीला खिळ्यांची वाट धरलीच नाही. १८२० च्या दशकात मुंबई इलाख्यात निघालेली गणिताची वगैरे पुस्तकं शिळाछापाची होती. चांगल्या हाताच्या लेखकाने लिहायचं आणि ते दगडावरून छापायचं. मुलासमोर येई ते कुणीतरी हाताने काढलेलं अक्षर. माझ्या मते मराठी शालेय साहित्यात ‘गिरवण्याजोगं’ अक्षर एवढ्या सहजपणे पुन्हा कधी छापलं गेलं नाही. पण शिळाछाप मागे पडला, कारण खिळ्यांची छपाई सुबक आणि स्वस्त होत गेली. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने तर देवनागरी खिळ्यांचा असा नमुना घालून दिला की देशभर संस्कृत ग्रंथ त्याच वळणात वाचले गेले. त्या वळणातला ल पाकळ्यांचा आहे.

खिळ्यांचा जाच काय होता, हे खिळे जुळवणाऱ्या जुन्या जुळाऱ्यांकडून ऐकावं. इंग्रजीला शंभराच्या आसपास खिळे पुरत. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरं धरून कित्येक शे लागत. मुंबईच्या ‘डिग्री’ पद्धतीत मूळ अक्षर मधे बसे आणि वरची मात्रा व खालचा उकार वेगळ्या खिळ्यांनी लागत. म्हणजे एका ओळीत तीन मजले. इकडे पुण्यात केसरीच्या छापखान्यासाठी खिळ्यांची संख्या कमी करायच्या खटपटीत खुद्द टिळकांनी लक्ष घातलं होतं. पुढे सावरकरांनी आणि काका कालेलकरांनी इ, उ ऐवजी ‘अि’, ‘अु’ अशी स्वराखडी सुचवली, तिच्यामागेही बऱ्याच अंशी हाच हिशेब होता: यंत्राला सोपं जावं. मुलाला काय सोपं जाईल, हा प्रश्न त्या वादात अधूनमधून डोकावे. पण खुर्ची यंत्राची होती.

दंडाचा ल यंत्राला आवडतो, हे जाता जाता सांगायला हवं. दंड काढून टाकला की अर्धा ल तयार. पाकळ्यांच्या ल ला अशी काढून टाकायची रेघच नाही. हिंदीच्या प्रमाण देवनागरीने अ, झ आणि ण ही अक्षरं मुंबईच्या वळणाची घेतली, पण ल आणि श मात्र आपल्याकडचे घेतले नाहीत. तीन अक्षरं देऊन दोन अक्षरांवर आपण एकटे पडलो.

याच काळात बालशिक्षण वेगळ्याच दिशेने चाललं होतं. माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह सुरू केलं. खरखरीत कागदाची अक्षरं कापून पाटीवर चिकटवायची आणि मुलाने त्यांवरून बोट फिरवायचं. बोटाला आधी कळतं, मग डोळ्याला. आपल्या धूळपाटीचीच ही पाश्चात्त्य बहीण म्हणायची. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला ही पद्धत देशी केली आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे ताराबाई आणि पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडला बालवाडी गावात आणि पाड्यात घेऊन गेल्या. तिथली साधनं हाताने केलेली. पुठ्ठा, वाळू, चिंचोके, बाईंचं स्वतःचं अक्षर. फाँट हा शब्द त्या बालवाडीत शिरलाच नव्हता, आणि त्यामुळे दोन ल चा घोळही नव्हता. बाईंना जो ल येई तोच मुलाला येई.

१९६७ साली पुण्यात बालभारती सुरू झाली आणि सगळ्या राज्याच्या पहिलीच्या मुलांसमोर एकच पुस्तक आलं. पण बालवाडी त्या पुस्तकाच्या अलीकडची. तिचं साहित्य अंकलिपीवाले, तक्तेवाले आणि स्वतः शिक्षिका करत राहिल्या. १९७५ पासून अंगणवाड्या आल्या, तरी हे फारसं बदललं नाही.

मग संगणक आला, आणि या गोष्टीत पुणे मधोमध आलं. कानपूरच्या आयआयटीत जन्मलेलं जिस्ट तंत्रज्ञान १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेकडे आलं. संगणकात एक कार्ड बसवायचं, की पडद्यावर भारतीय लिप्या. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी नव्वदच्या दशकात सदाशिव-नारायण पेठेतल्या डीटीपीच्या दुकानांतून घरोघर पोचलं. लग्नपत्रिका, पंचांगं, दिवाळी अंक, गणेश मंडळांची पावतीपुस्तकं, सगळं त्यावर. बरोबरीने शिवाजी, किरण, कृतीदेव असे फाँट फ्लॉपीतून हातोहात फिरले. शेकडो वळणं झाली, सजावटीची, गोंडे लावलेली, वीररसाची. बालवाडीला त्यातून मिळालं काय, तर लग्नपत्रिकेच्या अक्षरातलं ‘अ अननसाचा’.

त्या फाँटांची दुसरी खोड जास्त त्रासाची. त्यांत ‘ल’ म्हणून काही साठवलेलंच नसे. इंग्रजी कळेच्या जागी मराठी चित्र बसवलेलं असे, एवढंच. घरी रात्रभर बसून केलेली फाइल मी एकदा छपाईच्या दुकानात नेली. त्यांच्याकडे तो फाँट नव्हता. बाराखडीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा काला झालेला. दुकानदार म्हणाला, “ताई, कोणत्या भाषेत आहे हे?”

प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोडने हा प्रश्न सोडवला. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ आला, र. कृ. जोशींचा. कार्यालयीन कामाला आणि पडद्यावर वाचायला उत्तम. पण त्यातला ल दंडाचा, आणि मराठी घरातल्या पहिल्या युनिकोड संगणकावर बहुधा मंगलच असायचा. बालवाडीच्या भिंतींवर दंडाचा ल शिरला तो मुख्यतः या दाराने, असं मला वाटतं. कुणाचा हेतू नव्हता. जो फाँट समोर होता त्यात लोकांनी टाइप केलं.

मराठीची दोन छोटी गाऱ्हाणी युनिकोडने हळूहळू ऐकली. ‘ॲ’ला स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली, त्याआधीचे फाँट वापरले की ‘ॲपल’च्या जागी चौकोनी डबा येतो. आणि ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा र टाइप करायला खाली टिंब असलेला ऱ घ्यावा लागतो, हे आजही कितीतरी शिक्षिकांना कुणी सांगितलेलं नाही. सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची प्रमाण लिपी आणि वर्णमाला ठरवून दिली. १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांचा पुन्हा उच्चार झाला. निर्णय झाला खरा, पण फाँट शासन निर्णय वाचत नाहीत.

फाँटांमध्ये या अडचणीवर एक तोड आहे. एकाच फाँटात दोन्ही ल ठेवता येतात, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं की तो मराठी ल दाखवतो. अट एवढीच, की ती भाषा तुम्ही नेमून द्यायला हवी. वर्डमध्ये ती सोय आहे. जिथे नाही, तिथे फाँटात मराठी ल असूनही दंडाचाच उमटतो, आणि बिचारा फाँट बदनाम होतो. म्हणून काही फाँट थेट मराठीसाठी वेगळे काढले गेले: लोहित मराठी किंवा २०२२ मध्ये आलेला तिरो देवनागरी मराठी. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा आणि यशोवेणू दिले. तिरो देखणा आहे, पण जाड-बारीक रेघेचा. गोष्टीच्या पुस्तकाला शोभेल, गिरवायला नको.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट करणाऱ्या मंडळींचे मुक्ता आणि बालू हे दोन्ही फुकट आणि मोकळ्या परवान्याचे. मुक्ता बऱ्यापैकी एका जाडीचा आणि स्वच्छ. नावाच्या पट्ट्या, वारांचे तक्ते, सूचना यांना मी तोच वापरते. बालू गुबगुबीत, मुलांना आवडतो. त्यांचाच मोदक तर इतका जाडजूड की अक्षरांच्या पोटातल्या जागा नुसत्या फटी होतात. गणेशोत्सवातल्या फलकाला झकास. पण मोदकमधला ‘ष’ पाहून पोटफोड्या ष शिकवायला जाऊ नका, पोट सापडायचं नाही.

कोणताही फाँट घेताना मी ‘लाल शाल, कऱ्हाड, ॲपल, बाळ, ज्ञ’ एवढं टाइप करून मोठ्या आकारात छापते. पाच मिनिटांत फाँटाची कुंडली कळते.

ठिपक्यांच्या अक्षरांबद्दल माझं मत जरा कडक आहे. बरेचदा ठिपके अक्षराच्या दोन्ही कडांवर असतात, आणि मुलाला कळत नाही की कुठल्या रेघेवरून जायचं. त्यापेक्षा साधंच अक्षर फिकट राखाडी छापावं, सुरुवातीच्या जागी लाल टिंब द्यावं आणि दिशेचा बाण हाताने काढावा.

इंग्रजीचं काम सोपं झालं आहे, कारण तिकडे मुलांनाच विचारलं गेलं. ब्रिटनमध्ये रोझमेरी ससून यांनी १९८० च्या दशकात मुलांना कोणती अक्षरं आवडतात ते तपासून ससून प्रायमरी हा फाँट केला. (पुण्याच्या ससूनशी संबंध नाही, मी विचारलं जाण्याआधीच सांगते.) नवशिक्यांसाठी केलेला आंदिका फुकट मिळतो. देवनागरीत असं मुलांसमोर बसून घडवलेलं अक्षर माझ्या हाती अजून आलेलं नाही.

धायरीच्या एका बालवाडीतल्या ताईंनी यावर आपल्यापुरता मार्ग काढलाय. त्या सगळा तक्ता मुक्तात टाइप करतात. ल आणि श यांचे दोन चौकोन रिकामे सोडतात. छापून आलं की त्या चौकोनांत जाड मार्करने स्वतःच्या हाताने पाकळ्यांचा ल आणि देठाचा श काढतात, आणि मगच तक्ता लॅमिनेशनला जातो.