सपाट ड्रॉइंग ते सॉलिड मॉडेल: मागचा प्रवास

ठिबकचं फिटिंग असो, डाळ मिलचा सुटा भाग असो की पाइपाचा एल्बो, साचा करायचा म्हटलं की आज थ्री-डी मॉडेल आधी मागतात. जळगाव एमआयडीसीत हाती येते ती मात्र अनेकदा जुनी टू-डी फाइल, नाहीतर घडीवर विरलेली अमोनिया प्रिंट, म्हणजे ड्रॉइंगची जुन्या पद्धतीची कागदी नक्कल. मग कोणीतरी बसून त्यावरून मॉडेल उभं करतं.

या कामाचं मूळ फ्रान्समध्ये आहे. 1760 च्या दशकात मेझिएरच्या लष्करी शाळेत गास्पार मोंज या गणितज्ञानं वस्तूची दृश्यं एकमेकांशी काटकोनात असलेल्या दोन प्रतलांवर उतरवण्याची शिस्त बसवली. तटबंदीच्या कामाला ती इतकी उपयोगी ठरली की लष्करानं ती अनेक वर्षं गुप्त ठेवली. 1795 मध्ये पॅरिसला मोंजनं ती जाहीरपणे शिकवली. आयटीआयतल्या पोरांचं एलिव्हेशन (समोरचं दृश्य) आणि प्लॅन (वरचं दृश्य) याच परंपरेतलं.

या पद्धतीची सगळी भिस्त वाचणाऱ्यावर. समोरून चौकोन आणि वरूनही चौकोन दिसला, तर वस्तू ठोकळा असेल, पाचर असेल किंवा उभा चिरलेल्या दांड्याचा पाव भागही असेल. बाजूचं दृश्य पाहिल्यावर उलगडा होतो. गुंतागुंतीच्या भागात कधी तीन दृश्यंही पुरत नाहीत.

1963 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँडनं स्केचपॅड हा संगणकावर रेषा काढायचा प्रोग्रॅम केला, 1982 मध्ये ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आलं. ड्रॉइंग बोर्ड गेला, पण रेषा सपाटच राहिल्या. सॉलिड मॉडेलिंगची, म्हणजे संगणकात अख्खी घन वस्तू उभी करण्याची, वाट वेगळी होती. 1970 च्या दशकात केंब्रिजला इयन ब्रेड आणि रॉचेस्टरला हर्बर्ट व्होल्कर त्यावर काम करत होते. दृश्यांवरून घनाकृती आपोआप बनवण्याचा प्रयत्न जपानच्या इदेसावांनी 1973 मध्ये मांडला. आयबीएमच्या मार्कोव्स्की आणि वेस्ली यांनी 1980-81 मध्ये त्याला भक्कम गणिती पाया दिला: दृश्यांतून बिंदू, बिंदूंतून कडा, कडांतून पृष्ठभाग, त्यांतून शक्य तेवढे सगळे घन. 1995 मध्ये सॉलिडवर्क्स हे सॉलिड मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर आलं आणि मॉडेलिंग साध्या विंडोज पीसीवर उतरलं.

तरी कारखान्यातलं काम आजही बरंचसं हातानंच चालतं, आणि माझ्या मते त्याचं कारण खुद्द ड्रॉइंगमध्येच आहे. आटे दोन रेषांत उरकलेले असतात. रेडियस एकाच कोपऱ्यावर लिहून बाकीचे 'टिपिकल' (म्हणजे तसेच) म्हणून सोडलेले असतात. कोणी रेष न हलवता 42 चा आकडा पुसून 45 लिहिलेला असतो. माणूस आकड्यावर विश्वास ठेवतो, सॉफ्टवेअर रेषेवर. कागदावर दृश्यं मांडायच्याही दोन पद्धती आहेत: आपल्याकडचं मानक फर्स्ट अँगलचं, अमेरिकन ड्रॉइंग थर्ड अँगलचं; दोन्हींत बाजूच्या दृश्याची जागा उलट असते. कोपऱ्यातलं चिन्ह न पाहता मॉडेल केलं, तर उजव्या बाजूचा भाग डाव्या बाजूचा होऊन बसतो.

ओतकामाच्या भागांत आणखी एक गोष्ट. पॅटर्न (ओतकामाच्या साच्यासाठीचा नमुना) करणारा मिस्त्री तो साच्यातून सुटावा म्हणून उतार आणि बिडाच्या आकुंचनासाठीचा साधारण एक टक्का आपल्या हिशेबानं देत आला. ड्रॉइंगवर हे लिहिलेलं नसे. जुन्या भागाचं मॉडेल करायला घेताना पॅटर्न कुणी केला, हे आधी विचारावं लागतं.