एक्सपी पेनड्राइव्हवरून सरळ का बसत नसे

विंडोज एक्सपी टाकायची वेळ आजही येते. एखाद्या मशीनला जोडलेला संगणक असतो, एखाद्या डीटीपीवाल्याकडे जुन्या फॉन्टवर चालणारे काम असते. सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही आणि मालकाला ते बदलायचेही नसते. सीडी ड्राइव्हने एव्हाना मान टाकलेली असते, म्हणून पेनड्राइव्ह हाती घेतला जातो. विंडोज १० जसे मुकाट बसते तसे एक्सपी बसत नाही, आणि बोल लागतो पेनड्राइव्हला. खरे कारण एक्सपीच्या जन्मवेळेत आहे.

एक्सपी बाजारात आले २५ ऑक्टोबर २००१ रोजी. पहिले पेनड्राइव्ह त्याच्या जेमतेम वर्षभर आधी विक्रीला आले होते, आणि त्यांत मावत होते ८ एमबी. एक्सपीची सीडी पाचशे-सहाशे एमबीची. सीडीवरून बूट न होणाऱ्या संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने चक्क सहा फ्लॉपींचा संच दिला होता, पण त्यासुद्धा फक्त सेटअप सुरू करण्यापुरत्या. पुढे सीडी हवीच. पेनड्राइव्हवरून कोणी विंडोज टाकेल हा विचार तेव्हा करायचे कारणच नव्हते.

अडचण नेमकी एका क्षणाची आहे. संगणक चालू झाला की ताबा बायोसकडे, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामकडे, असतो. एक्सपीचा सेटअप सुरुवातीच्या फायली बायोसच्याच मदतीने वाचतो. निळ्या पडद्याच्या तळाशी ड्रायव्हरांची, म्हणजे एकेक यंत्रभाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामांची, नावे भराभर सरकतात तो हा टप्पा. मग कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, जागा होतो आणि बायोसला बाजूला सारतो. यापुढची प्रत्येक फाइल त्याला स्वतःच्या ड्रायव्हरने वाचायची असते. सीडी असेल तर अडत नाही, तिचा ड्रायव्हर आधीच मेमरीत आलेला असतो. यूएसबीची यंत्रणा मात्र तो नव्याने सुरू करतो, आणि ज्या वाटेने आला तीच त्याच्या हातून सुटते. शिवाय पुढच्या फायली सीडीवरच असणार हे त्याने गृहीत धरलेले. मग तो सीडी मागत बसतो.

डिस्क सॅटाची (नव्या जोडणीची) आणि एएचसीआय या एक्सपीला अनोळखी मोडमध्ये असेल तर आणखी एक भानगड: '७बी'ची ब्लू स्क्रीन, म्हणजे डिस्क वाचता न आल्याची चूक दाखवणारा निळा पडदा. डिस्कचा ड्रायव्हर एफ६ दाबून देता येई, पण तो फ्लॉपीवरूनच. म्हणून लोक बायोसमध्ये जाऊन आयडीई हा जुना मोड लावत, किंवा एनलाइट या साधनाने ड्रायव्हर सेटअपमध्येच मिसळून टाकत.

हे सगळे हौशी मंडळींपुरतेच राहिले असते, पण २००७च्या ऑक्टोबरात आसुसचा ई पीसी ७०१ हा छोटा लॅपटॉप आला. सात इंची पडदा, ४ जीबी साठवण, आत लिनक्स, सीडी ड्राइव्ह नाही. गंमत म्हणजे खोक्यात एक्सपीच्या ड्रायव्हरांची डीव्हीडी दिलेली! एक्सपीनंतरचे विंडोज व्हिस्टा अशा यंत्राला पेलणारे नव्हते. एक्सपीची एरवीची विक्री ३० जून २००८ला थांबवतानाही मायक्रोसॉफ्टने अशा छोट्या लॅपटॉपांपुरती, म्हणजे नेटबुकपुरती, एक्सपी होमला मुदतवाढ दिली. पेनड्राइव्हवरून एक्सपी ही आता खरीखुरी गरज झाली.

तोडगा निघाला तो सेटअपच्याच एका जुन्या सोयीतून. चालू विंडोजमधून नवे विंडोज टाकताना फायली आधी हार्ड डिस्कवर उतरतात आणि संगणक रीस्टार्ट होऊन तिथूनच काम पुढे चालते. पेनड्राइव्ह म्हणजे अशीच फायली उतरवून ठेवलेली हार्ड डिस्क आहे, असे सेटअपला भासवायचे. विनसेटअपफ्रॉमयूएसबीसारखी साधने याच वाटेने गेली.

तरी एक खोच उरायचीच. पेनड्राइव्हवरून बूट केले की बायोस त्याला पहिली डिस्क मानतो आणि आतली हार्ड डिस्क दुसरी ठरते. बूट.आयएनआय फाइलीत विंडोजचा पत्ता 'डिस्क क्रमांक १' असा लिहिला जातो. मोजणी शून्यापासून असल्याने ती दुसरी डिस्क. पहिला टप्पा संपला म्हणून पेनड्राइव्ह उपसला की हार्ड डिस्क शून्य क्रमांकावर येते, आणि पडद्यावर 'हॅल.डीएलएल सापडत नाही' असा संदेश. फाइल जागच्या जागी असते, चुकलेला असतो फक्त पत्ता. या संदेशावरून किती धडधाकट हार्ड डिस्क बाद ठरवल्या गेल्या असतील, देव जाणे.

मराठीत लिहिणाऱ्याला तर सीडी नंतरही लागे. इंग्रजी एक्सपीत देवनागरीची जुळणी मुळात बंद असे; ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला, जोडाक्षरे फुटलेली. कंट्रोल पॅनलमधल्या प्रादेशिक भाषांच्या खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण केली की सीडी मागितली जायची. जाणते लोक म्हणून सीडीवरचा आय३८६ हा सेटअपच्या फायलींचा फोल्डर आधीच हार्ड डिस्कवर उतरवून ठेवत.

व्हिस्टाने, म्हणजे ३० जानेवारी २००७ पासून, दोन्ही दुखणी संपवली. देवनागरी आपसूक दिसू लागली, आणि सेटअपचा सुरुवातीचा सगळा पसारा एकाच फाइलीत बांधून थेट मेमरीत चढवला जाऊ लागला. ताबा बदलताना पेनड्राइव्ह क्षणभर सुटला तरी काही बिघडेना. विंडोज ७ सोबत २००९मध्ये मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्ह बनवण्याचे स्वतःचे साधनही दिले. त्यात जीपीएल या मुक्त परवान्याचा कोड निघाल्याने ते मागे घ्यावे लागले आणि महिन्याभरात त्याच परवान्यासह परत आले.

पण २०१५मध्ये इंटेलचे स्कायलेक प्रोसेसर आले आणि विंडोज ७ची तीच गत झाली. या पिढीत यूएसबी २चा जुना कंट्रोलर काढून टाकला होता, आणि यूएसबी ३चा ड्रायव्हर विंडोज ७च्या सेटअपमध्ये नव्हता. भाषा निवडायचा पडदा येई आणि माउस हलत नसे. पुढे सरकलेच तर सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर नाही अशी तक्रार, तीही सीडी ड्राइव्ह नसलेल्या संगणकावर. मदरबोर्डवर जुना गोल पीएस/२ पोर्ट उरला होता त्यांचा निदान कीबोर्ड चाले. बाकीच्यांना पेनड्राइव्हवरच्या सेटअपमध्ये ड्रायव्हर घालून घ्यावा लागे, आणि त्यासाठी इंटेलने वेगळे साधन काढले.