जानेवारी सत्र

अमेरिकेतील काही महाविद्यालयांत शरद आणि वसंत या दोन मुख्य सत्रांच्या मध्ये साधारणपणे तीन ते पाच आठवड्यांचे जे छोटे सत्र भरते, त्याला जानेवारी सत्र म्हणतात. ‘विंटर टर्म’, ‘इंटरिम’ आणि ‘जे-टर्म’ ही त्याची प्रचलित नावे आहेत. या काळात विद्यार्थी बहुधा एकच विषय घेतो. शरदात चार, जानेवारीत एक आणि वसंतात चार अभ्यासक्रम अशी विभागणी असलेल्या वार्षिक वेळापत्रकास ‘चार-एक-चार’ म्हटले जाते.

पूर्वी अनेक ठिकाणी शरद सत्र नाताळच्या सुटीनंतरही चालू राहून त्याच्या परीक्षा जानेवारीत होत, त्यामुळे सुटीनंतरचे मोजके आठवडे उजळणीपलीकडे फारसे काही देत नसत. सत्र नाताळापूर्वीच आटोपण्याची पद्धत रूढ झाली आणि जानेवारी मोकळा झाला. फ्लॉरिडातील तेव्हाच्या फ्लॉरिडा प्रेस्बिटेरियन महाविद्यालयाने (आजचे एकर्ड महाविद्यालय) १९६० मध्ये अध्यापनास आरंभ करतानाच हिवाळी सत्राची योजना आखली होती. पुढे विल्यम्स महाविद्यालयाने १९६७ मध्ये, ओबर्लिनने १९६९ मध्ये आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९७१ मध्ये आपापल्या परीने ही कल्पना स्वीकारली. ओबर्लिनमध्ये विद्यार्थी स्वतः आखलेला प्रकल्पही करू शकतो. मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेत श्रेयांकाच्या अभ्यासक्रमांबरोबर व्याख्याने, कार्यशाळा आणि स्पर्धा यांची गर्दी असते. तेथील ‘मिस्टरी हंट’ ही कोड्यांची प्रसिद्ध शर्यत याच महिन्यात होते.

वरवर सुटसुटीत दिसणाऱ्या या सत्राचे गणित मात्र कडक असते. पंधरा आठवड्यांच्या सत्रात तीन श्रेयांकांसाठी वर्गातील सुमारे ४५ तास लागतात. तेवढेच तास तीन आठवड्यांत बसवायचे झाल्यास आठवड्यातील पाचही दिवस रोज तीन तास वर्ग आणि त्याच्या दुप्पट वेळ स्वाध्याय असा हिशेब निघतो. म्हणून प्रयोगशाळा, नाट्यप्रयोग किंवा क्षेत्रकार्य यांना ही रचना मानवते, तर ज्या विषयांत संकल्पना हळूहळू मुरवाव्या लागतात त्यांना ती जाचक ठरते. विल्यम्समध्ये या सत्रासाठी नेहमीच्या श्रेणी न देता ‘सन्मान’, ‘उत्तीर्ण’, ‘जेमतेम उत्तीर्ण’ आणि ‘अनुत्तीर्ण’ असे चारच शेरे दिले जातात. त्यांतील तिसऱ्या शेऱ्याचा प्रांजळपणा दाद देण्याजोगा आहे.

प्राध्यापकाच्या नेतृत्वाखालील अभ्यासदौरा हा या सत्राचा सर्वांत आकर्षक भाग होय. पूर्ण सत्र परदेशी घालवणे ज्यांना खेळांचे वेळापत्रक किंवा विज्ञान शाखेतील सक्तीचे विषय यांमुळे शक्य नसते, त्यांना यामुळे वाट मिळते. ऋतूही दिशा ठरवतो: न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात तेव्हा उन्हाळा असल्याने परिसंस्थांचा प्रत्यक्ष अभ्यास सोयीचा होतो. मात्र तेथील विद्यापीठांना त्या वेळी दीर्घ सुटी असते, त्यामुळे स्थानिक विद्यार्थ्यांशी वर्गातला संबंध क्वचितच येतो आणि पाहुणा गट आपल्यातच वावरतो. ही उणीव भरून काढण्यासाठी काही प्राध्यापक शरद सत्रातच वाचन आणि प्राथमिक भाषापरिचय करून घेतात व परतल्यावर लेखन मागतात. अशा जोडणीअभावी दौरा सहलीकडे झुकतो.

सत्राचे शिक्षणशुल्क अनेकदा वार्षिक शुल्कातच धरलेले असले, तरी विमानभाडे व निवास यांचा खर्च सहसा वेगळा आकारला जातो. परिणामी एकाच महाविद्यालयात कोणी दूरदेशी जातो आणि कोणी आवारातच वर्गाला बसतो, आणि ही निवड पुष्कळदा आवडीपेक्षा ऐपतीवर ठरते.